वडील हयात आहेत का?

आजोबा गेले ते कामाच्या टेबलावरच, सकाळी अकराच्या सुमारास, हातात मेण कोरायचा चाकू धरून. नातीला वाटलं, डुलकी लागली. गेली दोन-तीन वर्षं ते असे बसल्या बसल्या पेंगायचे आणि उठवलं की म्हणायचे, "झोपलो नव्हतो, विचार करत होतो." तिने चाकू काढून घ्यायला हात लावला तेव्हा बोटं सहज सुटली. झोपेत सुद्धा आजोबांनी हत्यार कधी असं सहज सोडलं नव्हतं.

आजोबा कवळ्या बनवायचे. शहरातले दातांचे डॉक्टर रोग्याच्या जबड्याचं माप घेऊन त्यांच्याकडे पाठवायचे. त्या मापात प्लास्टर ओतायचं, साचा काढायचा, साच्यावर मेणाची हिरडी चढवायची, हिरडीत एकेक दात बसवायचा आणि मग पक्कं करून घासून पॉलिश करायचं. पुढची खोली म्हणजे कारखाना, मागे स्वयंपाकघर, वर झोपायच्या दोन खोल्या. कारखान्याच्या तिन्ही भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर जबड्यांचे पांढरे साचे, प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीने लिहिलेला नंबर. नवीन माणूस आत आला की दचकायचा. आजोबा त्याला म्हणायचे, "घाबरू नका, यांतलं कोणी चावत नाही."

नातीचं नाव त्यांनी मुंगी ठेवलं होतं, कारण लहानपणी ती हटकून साखरेच्या डब्यापाशी सापडायची. आता ती चौतीस वर्षांची होती, केसांत दोन-चार पांढऱ्या बटा होत्या, तरी सगळे डॉक्टर फोनवर तिला मुंगीच म्हणायचे. आजोबांचे हात थरथरायला लागल्यापासून, म्हणजे बारा वर्षं, काम तीच करत होती. ते शेजारी बसून चुका काढायचे. मेण कोरायचं तेवढं काम त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. ते उठून गेल्यावर ती ते पुन्हा नीट करायची, आणि हे दोघांनाही माहीत होतं.

ती त्या घरात आली तेव्हा आठ वर्षांची होती. आई दोन वर्षांपूर्वीच आजारात गेली होती. वडील क्रेन चालवायचे. जिथे पूल बांधायचा असेल तिथे कंपनी त्यांना पाठवायची. "पंधरा दिवस सांभाळा," असं म्हणून त्यांनी तिला आजोबांकडे सोडलं. त्या पंधरा दिवसांची सव्वीस वर्षं झाली. सुरुवातीला वडील वर्षातून दोनदा यायचे, मग नुसती पत्रं यायला लागली, मग पत्रांत चार ओळी. ती पंधरा वर्षांची झाली आणि तेही थांबलं. त्यानंतर घरात वडिलांचा विषय निघाला नाही. आजोबा काढायचे नाहीत आणि ती विचारायची नाही.

मृत्युपत्राचं म्हणाल तर त्याचा विषय एकदाच निघाला होता. जुन्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई एकदा चहाला थांबल्या असताना आजोबांना म्हणाल्या, "या पोरीच्या नावाने काहीतरी लिहून ठेवा हो."

"प्लास्टर ओलं असताना साचा सोडवायचा नसतो," आजोबा म्हणाले.

"तुमचं प्लास्टर ब्याऐंशी वर्षांचं झालंय."

"म्हणून तर म्हणतो, घाई कशाला? आणि लिहायचंय काय त्यात? हे सगळं हिचंच आहे."

मुंगीने तेव्हा उठून कप विसळायला घेतले. आपल्याच तोंडाने कसं म्हणायचं, की आजोबा, मग लिहाच? म्हाताऱ्याच्या मरणावर टपल्यासारखं दिसलं असतं. त्या संकोचाला पाच वर्षं झाली आणि आजोबा चाकू हातात धरून गेले.

* * *

महिन्याभराने कारखान्याच्या परवान्याचं नूतनीकरण आलं. परवाना आजोबांच्या नावावर होता, घरही त्यांच्याच नावावर. दोन्ही नावावर करून घ्यायला ती वारस नोंदीच्या कार्यालयात गेली. लांबलचक खोलीत ओळीने खिडक्या होत्या. तिच्या खिडकीतला कारकून ओल्या स्पंजावर बोट टेकवून पानं उलटत होता. फॉर्म तिने घरूनच भरून आणला होता, सुवाच्य अक्षरात. मृताशी नातं, या रकान्यात तिने 'नात' असं लिहिलं होतं. कारकुनाचं बोट तिथे थांबलं.

"मृताची मुलं किती?"

"एकच मुलगा. माझे वडील."

"वडील हयात आहेत का? इथे कोरं सोडलंय तुम्ही."

"माहीत नाही."

त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. "म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही. एकोणीस वर्षं काही खबर नाही."

"ताई, इथे हो लिहा किंवा नाही लिहा. नाही लिहिलं तर दाखला जोडा. माहीत नाही असं लिहायला जागा नाही."

माणूस चांगला होता. त्याने फॉर्मचा कोपरा सरळ केला आणि तो परत देताना म्हणाला, "वकिलाकडे जा. आमच्याकडे फेऱ्या मारून चपला झिजतील, बाकी काही होणार नाही."

वकीलबाईंचं ऑफिस कपडे धुवायच्या दुकानाच्या वर होतं. वाफेचा आणि साबणाचा वास जिन्यापर्यंत यायचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाल्या, "मृत्युपत्र नसलं की आजोबांच्या मनात काय होतं ते कायदा विचारत नाही. तो नुसती नाती बघतो. आजोबांच्या खाली मुलगा, मुलाच्या खाली तुम्ही. मधला माणूस जिवंत असेल तर वारसा त्याच्यापाशी थांबतो, तुमच्यापर्यंत उतरत नाही. मधला माणूस आजोबांच्या आधी गेला असेल, तर त्याच्या जागी तुम्ही उभ्या राहता. मग सगळं तुमचं."

"मी सव्वीस वर्षं तिथे राहते. बारा वर्षं काम मीच करतेय."

"पगार घेत होता?"

"घरातल्या घरात पगार कसला? एक खण होता. लागेल तेव्हा त्यांनी काढायचं, लागेल तेव्हा मी."

"कुठे सही, करार, भागीदारीचा कागद?"

मुंगीने मान हलवली.

"मग कागदावर तुम्ही त्या घरात पाहुण्या होता," वकीलबाई म्हणाल्या. लगेच त्यांनाच ते टोचलं असावं, कारण त्यांनी तिच्याकडे पाण्याचा ग्लास सरकवला. "आपण पेपरात नोटीस देऊ. पंचेचाळीस दिवसांत कोणी पुढे आलं नाही, तर कोर्टाला सांगू की हा माणूस इतकी वर्षं बेपत्ता आहे, याला मृत धरा. सोपं नाही, पण लढण्यासारखं आहे."

नोटीस छापून आली. चार ओळी, वडिलांचं पूर्ण नाव, शेवटचा ठाऊक असलेला पत्ता. मुंगीने ते नाव छापलेलं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

त्या दिवसांत ती स्वतःला कामाला जुंपून घ्यायची. सकाळी सातला घासायचा लेथ सुरू, दुपारी उकळत्या पाण्यात कवळ्या पक्क्या करायला टाकायच्या, संध्याकाळी डॉक्टरांकडे पोचवायच्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती खुणा करत नव्हती, पण कितवा दिवस आहे हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. फोन वाजला की हातातलं काम थांबायचं, आणि पलीकडून एखादा डॉक्टर बोलला की जीव भांड्यात पडायचा. विसाव्या दिवसाच्या सुमारास, एका आजीबाईंचे पटाशीचे दात मेणात बसवताना, तिच्या लक्षात आलं की आपण कशाची वाट बघतोय. बाप मेलेला असावा, आणि नुसता मेलेला नको, आजोबांच्या आधी मेलेला असावा, अशी ती वाट बघत होती. शाळेत असताना ती याच खिडकीत बसून रस्त्यावरची माणसं बघायची. दुरून येणारा कोणी उंच माणूस दिसला की त्याचा चेहरा स्पष्ट होईपर्यंत नजर हलवायची नाही. तिने चाकू खाली ठेवला, मोरीवर जाऊन तोंड धुतलं आणि परत येऊन दात बसवायला घेतले. आजीबाईंचा नातू दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होता.

अडतिसाव्या दिवशी दुपारी फोन आला. लेथच्या आवाजात नीट ऐकू येईना म्हणून तिने तो बंद केला.

"पेपरात नोटीस आहे ना," एका बाईचा आवाज म्हणाला, "त्यातला माणूस माझा नवरा आहे."

होता म्हणाली नाही. आहे म्हणाली. मुंगीने हाताला लागलेली पॉलिशची ओली पूड ॲप्रनला पुसली. मग तिने विचारलं, "कसे आहेत?"

"आहेत," ती बाई म्हणाली. "तू मुलगी ना? येऊन बघ तू. फोनवर सांगण्यासारखं नाही."

* * *

बसने सात तास लागले. ती बाई एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. कंपनीने बांधलेल्या जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार उघडलं तेव्हा मुंगीला आधी तिचे हात दिसले, कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग असलेले. पन्नाशीची असेल. डोळे दमलेले, पण कडवटपणा कुठे नव्हता.

"ये. बस आधी. पाणी घे. मग आत जा."

आतल्या खोलीत खिडकीशी पलंग होता आणि पलंगावर वडील होते. मुंगीच्या आठवणीतला माणूस दाराच्या चौकटीत मावायचा नाही. हा उशीला टेकवून बसवलेला होता. चेहऱ्याची उजवी बाजू खाली ओघळलेली, उजवा हात चादरीवर मुठीसारखा. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि अगदी स्वच्छ आवाजात विचारलं, "झालं का?"

"काय झालं का?" मुंगी नकळत म्हणाली.

"काही नाही गं," बाई मागून म्हणाली. "झटका आला तीन वर्षांपूर्वी, त्यात शब्द गेले सगळे. हे दोनच राहिले. भूक लागली की झालं का. अंग दुखलं की झालं का. मी कामावरून आले की झालं का. आवाजावरून ओळखायचं."

"मला ओळखलंय का त्यांनी?"

बाईने थोडा विचार केला. खोटं बोलायचं की नाही, एवढाच तो विचार असावा. "नाही," ती म्हणाली.

मुंगी पलंगाशेजारच्या स्टुलावर बसली. सव्वीस वर्षांचं भांडण तिने मनात किती वेळा घोळवलं होतं, त्यातला एक शब्द तोंडात येईना. भांडायला समोर माणूस लागतो. तिची नजर खिडकीच्या कट्ट्याकडे गेली. तिथे वाटीत पाण्यात कवळी ठेवलेली होती. तिने सवयीने ती उचलली. ती कुठेही गेली तरी माणसांच्या तोंडाकडेच बघायची, धंद्याची खोड.

कवळी पालथी केली, पुन्हा सुलटी केली आणि तिचा हात थांबला. डावीकडचा वरचा दुसरा दात किंचित आडवा बसवलेला होता.

तिला ते काम आठवलं. सहा वर्षांपूर्वी आजोबांनी एक माप तिच्यापुढे ठेवलं होतं. परगावचं गिऱ्हाईक आहे म्हणाले, डॉक्टरचं नाव सांगितलं नाही. तिने दात एका ओळीत बसवले तर ते म्हणाले, "मुंगे, डावा दुसरा जरा आडवा कर."

"आडवा? लोक सरळ दातांसाठी पैसे मोजतात, आजोबा."

"या माणसाचा आडवाच होता."

"तुम्हाला काय माहीत? मापात तर एकही दात नाही."

"मला माहीत आहे म्हणतो ना," असं ते जरा चढ्या आवाजात म्हणाले होते, म्हणून ते तिच्या लक्षात राहिलं. नंतर ती कवळी त्यांनी तिला घासू दिली नाही. थरथरत्या हातांनी पूर्ण दिवस घालवून स्वतः पॉलिश केली. दोन दिवसांनी जुन्या मित्राला बघायला जातो म्हणून ते बसने निघून गेले होते.

"ही मी बनवलीय," मुंगी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"ठाऊक आहे," बाई म्हणाली. "म्हातारे स्वतः घेऊन आले होते ना. दोन दिवस राहिले इथे. त्याच्या आधी हा क्रेनवरून उतरताना पडला, जबडा फुटला, दात गेले, काम गेलं. मीच पत्र टाकलं होतं म्हाताऱ्यांना, याला न सांगता. म्हटलं, बापाला तरी कळू दे. म्हातारे दर महिन्याला फोन करायचे मग. मध्ये याला झटका आला, तेव्हाही कळवलं. या वर्षी फोन यायचा थांबला तेव्हाच मला शंका आली होती."

"मला कोणीच सांगितलं नाही."

"यानेच नको म्हणून सांगितलं. म्हणाला, इतक्या वर्षांनी हात हलवत कसा जाऊ? कुठेतरी काम लागू दे, मग स्वतः जातो पोरीला तोंड दाखवायला." बाई किंचित हसली. "म्हातारे म्हणाले, तोंड दाखवायला निदान दात तरी आणलेत मी. खूप हसले दोघे तेव्हा. नंतर रडले."

वडील दोघींकडे आळीपाळीने बघत होते. "झालं का?" त्यांनी विचारलं.

"होतंय," बाई म्हणाली आणि त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून आलेली लाळ पुसली. मग मुंगीकडे वळून, जरा चाचरत म्हणाली, "ही आता बसत नाही बघ. चेहरा ओढला गेल्यापासून निसटून पडते. सगळं पातळ करून भरवावं लागतं. तुझ्या हातात कला आहे, तू दुसरी करून देशील का?"

मुंगीने हात धुतले आणि वडिलांच्या तोंडात बोट घालून हिरड्या चाचपल्या. त्यांनी तोंड मुकाट्याने उघडलं. वरची हिरडी झिजून सपाट झाली होती आणि उजवा गाल बोटाला काहीच दाब देत नव्हता. कवळी धरून ठेवतात ते गाल आणि जीभ. नुसत्या प्लास्टरने आणि मापाने ती धरत नाही. इतक्या वर्षांत तिने असे चार-पाच जबडे पाहिले होते. त्यांच्या डॉक्टरांना जे सांगितलं होतं तेच तिने सांगितलं.

"बनवता येईल. राहणार नाही."

बाईने मान डोलावली. तिला बहुधा ते आधीच माहीत होतं.

* * *

परतीच्या बसमध्ये मुंगी आजोबांवर चिडत राहिली. मेलेल्या माणसाशी भांडण म्हणजे भिंतीशी भांडण. आपणच बोलायचं, आपणच दमायचं. सहा वर्षं शेजारच्या खुर्चीत बसून हा माणूस तिच्या चुका काढत होता, दुपारी तिच्याबरोबर जेवत होता आणि मुलगा जिवंत आहे हे पोटात ठेवून होता. हे सगळं हिचंच आहे म्हणत होता आणि लिहीत नव्हता. नंतर, अर्धा रस्ता सरल्यावर, तिला वाटलं की लिहायला बसलेही असतील. एकीचं नाव लिहायचं म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या पोराचं खोडायचं. दोन शब्द लिहून कागद बाजूला ठेवला असेल. पण हा झाला तिचा अंदाज. घरातल्या एकूण एक कपाटात तिने नंतर शोधलं, तसा अर्धवट कागदसुद्धा निघाला नाही.

पंधरा दिवसांनी ती बाई रजा काढून आली. वडिलांपाशी शेजारणीला बसवलं होतं. दोघी मिळून वकीलबाईंकडे गेल्या. जिना चढताना बाई धापा टाकत म्हणाली, "मी तुला खोटं सांगणार नाही. पैसा मला लागतो. माझी पाठ गेलीय, त्याला एकटीने उचलता येत नाही आता. एक माणूस ठेवायला हवा. पण ते घर सगळंच्या सगळं घ्यायला माझं मन धजत नाही. अर्धं तू घे. कारखान्याची बाजू तू ठेव. तसं लिहून घेऊ."

मुंगीने तिचा हात धरून तिला उरलेल्या पायऱ्या चढवल्या. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटलं.

वकीलबाईंनी ऐकलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"घर तुमच्या नवऱ्याचं आहे," त्या बाईला म्हणाल्या. "त्यांना सही करता येत नाही, समजून हो म्हणता येत नाही. झटका आला तेव्हाच त्यांच्या वतीने कोर्टाने तुम्हाला पालक नेमलंय."

"हो ना. म्हणून तर मी सही करते."

"पालकाला सांभाळता येतं, वाढवता येतं, रोग्याची गरज दाखवून कोर्टाच्या परवानगीने विकता येतं. देऊन टाकता येत नाही. अर्धं नाही, एक खोली नाही, त्यातली एक खुर्चीसुद्धा नाही. तुम्ही दिलंत तर कोर्ट ते परत घेईल आणि तुमचं पालकत्वही काढेल."

"अहो, त्याची पोटची मुलगी आहे ती."

"म्हणूनच कोर्ट जास्त बारकाईने बघेल."

"तो शुद्धीवर असता तर दिलं असतं त्याने."

"असेल. पण ते तो सांगू शकत नाही ना."

बाई तोंडाला पदर लावून बसली. खालच्या दुकानातून वाफेचा फुस्स आवाज आला. मुंगीने विचारलं, "मी भाड्याने घेतलं तर? कारखाना तरी?"

"चालेल. बाजारभावाने. आणि घर विकलं जाईपर्यंतच." वकीलबाईंनी बाईकडे पाहिलं. "विकावं लागेलच ना?"

बाईने पदराआडूनच होकार दिला.

"एक मात्र आहे," वकीलबाई मुंगीला म्हणाल्या, आणि सांगू की नको असं करत त्यांनी सांगितलं. "वडिलांच्या पश्चात जे शिल्लक राहील त्यात तुमचा वाटा आहे. ह्यांचा आणि तुमचा."

"म्हणजे पुन्हा त्यांच्या मरणाची वाट बघायची," मुंगी म्हणाली.

वकीलबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि फाईल बंद केली.

* * *

गिऱ्हाईक चार महिन्यांत मिळालं. चष्म्यांचं दुकान काढणारं जोडपं होतं, नीट बोलणारं, घाईतलं. विक्रीच्या आधी कोर्टाने सामानाची यादी करायला बेलीफ पाठवला. जाडा, सौम्य माणूस, बगलेत फायलीचं ओझं. आत आला आणि फळ्यांवरचे जबडे बघून दोन पावलं मागे सरला. घाबरू नका, असं कोणीतरी त्याला म्हणायला हवं होतं. मुंगीला ते जमलं नाही.

तो एकेक वस्तू हातात घेऊन विचारायचा आणि लिहायचा. लेथ, एक. पाणी उकळायचं भांडं, मोठं, एक. कवळ्या पक्क्या करायच्या पितळी पेट्या, अकरा. मेण कोरायचे चाकू, लाकडी मुठीचे, सात.

"यातले तीन माझे आहेत," मुंगी म्हणाली. "मी घेतलेले."

"पावती?"

"नाही."

"ताई, मग मला लिहावं लागेल." त्याने लिहिलं. "तुमचं वैयक्तिक काय ते बाजूला काढा. कपडे, औषधं, फोटो. त्याला मी हात लावत नाही."

तिने ॲप्रन काढून घडी करून पिशवीत ठेवला. कपडे आदल्या दिवशीच भरले होते. शहराबाहेरच्या एका मोठ्या लॅबमध्ये तिला पुढच्या आठवड्यापासून काम मिळालं होतं. तिथे दात मशीन कापतं. माणसाने फक्त मशीनकडे बघत बसायचं आणि शेवटी ब्रश मारायचा. राहायला डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याच्या मागची खोली दिली होती, सोय होईपर्यंत.

"हे साचे किती असतील?" बेलीफाने विचारलं.

"मोजले नाहीत कधी."

"यांची किंमत काही?"

"काही नाही. त्यातली बरीच माणसं आता नाहीत."

त्याने लिहिलं, 'प्लास्टरचे तुकडे, किरकोळ', आणि पेन थांबलं. टेबलाच्या टोकाला साच्यावर मेणात बसवलेले दात होते, अर्धे बसवलेले, अर्धे बाजूला बशीत. "हे?"

"एका मास्तरांची कवळी आहे. निवृत्त झालेत. परवा द्यायची होती."

"म्हणजे ही घरची वस्तू नाही."

"त्यांचीच. डॉक्टरांमार्फत आगाऊ पैसे दिलेत त्यांनी."

बेलीफाने यादीखाली रेघ ओढली, सही केली आणि तिला सही करायला जागा दाखवली. तिथे छापलेलं होतं, की सदर मालमत्तेत माझा कोणताही हक्क, हिस्सा अथवा हितसंबंध नाही. मुंगीने दोनदा वाचलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. तिने सही केली.

"ते मास्तरांचं घेऊन जा तुम्ही," तो म्हणाला. "त्याचा आमच्याशी संबंध नाही."

तिने साचा ओल्या फडक्यात गुंडाळला, बशीतले दात मोजून एका डबीत घातले आणि दोन्ही पिशवीत ॲप्रनवर ठेवलं, मेणाला धक्का लागू नये म्हणून. किल्ल्या त्याच्या हातात दिल्या. बाहेर कडक ऊन होतं. कोपऱ्यापर्यंत चालत गेल्यावर तिने सावलीला उभं राहून मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, मी मुंगी बोलतेय. तुमच्या दातांना दोन दिवस उशीर होईल."

"होऊ दे की," मास्तर बोळक्या तोंडाने म्हणाले. "आजोबा काय म्हणतात?"

त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मुंगीने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि सांगायला सुरुवात केली.